ट्रॅक्टरचं मागचं चाक ढिलं का होतं?

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

ऊसतोड सुरू झाली की सोलापूर जिल्ह्यात जुन्या ट्रॅक्टरमागंही दोन-दोन ट्रॉल्या लागतात. भरल्या ट्रॉल्या फडातून डांबरीवर चढवताना मागच्या चाकातून टक्-टक् ऐकू आलं की पाना काढायचा, नट आवळायचे आणि निघायचं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. नट ढिला का झाला, हे कोणी बघत नाही.

चाक नुसत्या स्टडवर, म्हणजे नट बसतात त्या आट्यांच्या दांड्यांवर, टांगलेलं नसतं. नट आवळले की डिस्क (चाकाची मधली लोखंडी तबकडी) हबच्या, म्हणजे ॲक्सलच्या टोकावरच्या बैठकीच्या, तोंडावर दाबून बसते आणि त्या घट्ट पकडीवर चाक ओढ घेतं. पकड सुटली की डिस्क केसभर सरकायला लागते, स्टडला आडवे हिसके बसतात, भोकं लांबट होतात आणि शेवटी स्टड मुळातून तुटतो. नटाच्या बुडाशी तांबूस भुकटीचे ओघळ दिसले, तर हे सरकणं आधीच सुरू झालंय.

चाक उचलायचं ते कडक, सपाट जागेवर. काळ्या रानात जॅक रुततो. ट्रॉली सोडा. गिअर टाकला म्हणजे ट्रॅक्टर जागचा हलणार नाही, हा समज घातक आहे. मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा जोड म्हणजे डिफरन्शियल. एक मागचं चाक अधांतरी झालं की त्याच्यामुळं दुसरं चाक मोकळं फिरू शकतं. म्हणून जमिनीवरच्या मागच्या चाकाला पुढून-मागून उटी लावा. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डोलतो, त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका. नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा, मग जॅक लावा आणि मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगखाली (बाहेरच्या कवचाखाली) जाड ओंडके रचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका.

आता एकानं टायरखाली पहार घालून चाक हलवायचं, दुसऱ्यानं जोडांकडं बघायचं. डिस्क हबवर हलते का? रिम (टायर बसतो ती कडी) डिस्कवर हलते का? की हबसकट सगळं चाक हाउसिंगमध्ये खेळतंय? हे तिसरं असेल तर दोष बेअरिंगचा. सीलमधून ऑइल गळत असेल तर ते ब्रेकपर्यंतही जाऊ शकतं. तिथं नट आवळून काही साधत नाही, मिस्त्रीकडंच न्या.

डिस्क हलत असेल तर चाक उतरवावंच लागतं. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर वॉल्व खाली आणून ते आधी काढा, नाहीतर चाक दोघा-तिघांना आवरत नाही. उतरवल्यावर हबचं तोंड आणि डिस्कची मागची बाजू तारेच्या ब्रशनं पत्रा चमकेपर्यंत घासा. हौसेनं मारलेला रंगाचा जाड थर इथंच दगा देतो. आज नट कडक लागतो, चार दिवसांनी रंग दबून झिजतो आणि तोच नट सैल होतो. एक स्टड तुटला असेल तर शेजारच्यांवर जादा ताण आलेला असतो, तेही बदला. भोक लांबट झालं असेल तर डिस्कच बदला. वॉशर वेल्ड करून भागवणं म्हणजे पैसे वाचवून संकट घेणं. उतरत्या तोंडाच्या नटाच्या जागी सपाट नट तर नकोच, त्यानं चाक मधोमध बसत नाही.

आवळताना 8 नट ओळीनं घेऊ नका. पहिल्यानंतर समोरचा पाचवा, मग तिसरा-सातवा, दुसरा-सहावा, शेवटी चौथा-आठवा. चाक वर असताना नट नीट बसेपर्यंतच आवळा, शेवटचा जोर चाक खाली टेकवून. किती जोर, तो आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. समजा 250 न्यूटन मीटर असेल, तर नटाच्या मध्यापासून एक मीटरवर, पाइपच्या टोकाला काटकोनात साधारण 25 किलोची ओढ पुरते. स्प्रिंगचा ताणकाटा अडकवून ती मोजता येते. पाइपवर उभं राहून उड्या मारल्या तर स्टड ताणला जातो आणि पुढं तोच तुटतो. पुस्तिकेत सांगितलं नसेल तर आट्यांना ग्रीस लावू नका. ग्रीसमुळं तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो.

काम झाल्यावर प्रत्येक नटावरून डिस्कवर जाणारी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. तासभर कामानंतर पुन्हा आवळून बघा, मग पहिला आठवडाभर रोज. सकाळी डिझेल टाकताना रेघ तुटलेली दिसली, तर ट्रॉली जोडायच्या आधीच पाना काढा.