पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं?

(पडद्यावर एक कोरा फॉर्म. पेनाचं टोक दुसऱ्या ओळीवर टेकलंय.)

नाव लिहून झालंय. पुढची ओळ आहे, सध्याचा पत्ता. आणि इथे पेन अडलंय. हा माणूस राहायला जागा मिळावी म्हणूनच तर आलाय, जागा नाहीये हेच त्याला सांगायचंय, पण फॉर्म पुढे जायचा तर आधी राहायची जागा लिहा. रकाना मोकळा ठेवला तर ऑनलाइन फॉर्मचं पुढचं पानच उघडत नाही, आणि कागदावरचा असेल तर तो खिडकीतून परत येतो, वर "अपूर्ण" असा शेरा.

बेघरांसाठी घरं कमी आहेत, पैसा कमी आहे, हे आपण नेहमी ऐकतो आणि ते खरंही आहे. पण आज मला बोलायचंय ते, जी काही मदत आहे तिच्यापर्यंत कोण पोचतं आणि कोण दारातूनच परत जातं याबद्दल. फॉर्म सगळ्यांना एकच, रांग एकच, खिडकी एकच, म्हणून सगळं समान आहे असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे अजिबात पटत नाही.

(प्लास्टिकची पिशवी. तिच्या आत अजून एक, तिच्या आत अजून एक.)

ही पिशवी जरा नीट बघा. सगळ्यात आतल्या पिशवीत कागद आहेत. जन्माचा दाखला, घडीवर फाटत आलेला. दवाखान्याचे जुने पेपर. ओळखपत्राची झेरॉक्स, तीसुद्धा पुसट, कारण ओरिजिनल गेलं. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचं सामान पावसात भिजतं, झोपेत चोरीला जातं, कधी फुटपाथ साफ करायला आलेली गाडीच उचलून नेते, आणि मग नवीन ओळखपत्र काढायला गेलं की पत्त्याचा पुरावा मागतात, म्हणजे फिरून त्याच रकान्यापाशी. समजा एवढं सगळं करून अर्ज गेलाही, तरी अमुक तारखेला हजर राहा असा मेसेज येतो तेव्हा फोनला चार्जिंग नसतं किंवा सिम कधीच बंद पडलेलं असतं, तारीख निघून जाते, आणि यादीत नावापुढे लिहिलं जातं "प्रतिसाद नाही". हे दोन शब्द वाचले की मला फार त्रास होतो. प्रतिसाद नाही म्हणजे या माणसाला गरज नाही, असाच त्याचा अर्थ लावला जातो ना.

आता हक्काचं बोलू. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात २५ व्या कलमात घर आहे, अन्न, वस्त्र आणि औषधोपचारांच्या जोडीला. १९६६ च्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात ते पुन्हा आलं आणि १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने त्याचा अर्थ उलगडून सांगितला, की म्हातारी माणसं, मुलं, अपंग, मानसिक आजार असलेले, एचआयव्ही असलेले, आपत्तीत सापडलेले अशा लोकांना घराच्या बाबतीत थोडं प्राधान्य मिळालं पाहिजे. म्हणजे ज्याला पोचणं अवघड त्याच्यासाठी दार जास्त उघडं ठेवा, हे तेव्हाच लिहून झालंय.

प्रत्यक्षात काय होतं? निवाऱ्याच्या दारात दोन पायऱ्या असतात आणि व्हीलचेअर बाहेरच राहते. पुरुषांचा हॉल वेगळा, बायकांचा वेगळा, मग ट्रान्सजेंडर व्यक्तीने कुठे झोपायचं हे दारावरचा माणूस ठरवतो. नवरा-बायकोची ताटातूट होते. कुत्रा घेऊन आत येता येत नाही, आणि रात्री राखण करणारा तो एकच सोबती असतो, म्हणून माणूस बाहेर थांबतो आणि आपण म्हणतो याला मदत नकोच आहे.

आणि बेघर कुणाला म्हणायचं हाही प्रश्न आहेच. मार खाऊन घरातून निघालेली बाई रस्त्यावर झोपायचं शक्यतो टाळते, ते धोक्याचं असतं म्हणून. ती आज बहिणीकडे, परवा मैत्रिणीकडे, मग ओळखीतल्या कुणाच्या तरी सोफ्यावर. मोजणी रात्री फुटपाथवर होते, ती त्यात येत नाही. युरोपात २००५ मध्ये बेघरपणाची एक वर्गवारी तयार झाली, इथॉस नावाची, तिच्यात नातेवाइकांकडे नाइलाजाने राहणारे आणि हिंसेच्या सावटाखाली राहणारेसुद्धा धरलेत. अमेरिकेत मात्र दीर्घकाळ बेघर असलेल्यांच्या घरांसाठी पात्र ठरायचं तर अपंगत्व किंवा तसा आजार पाहिजेच, वर सलग १२ महिने बेघर असल्याचं, किंवा ३ वर्षांत किमान ४ वेळा मिळून १२ महिने भरल्याचं दाखवावं लागतं, आणि त्याची कागदपत्रं लागतात. मैत्रिणीच्या सोफ्यावर काढलेल्या रात्री त्या हिशोबात धरत नाहीत. रस्त्यावर काढलेल्या रात्रीची पावती कोण देणार, मला सांगा.

घरं थोडी म्हणून तिथे बऱ्याच ठिकाणी प्रश्नावली घेऊन गुण देतात, जास्त गुण त्याला आधी घर. इमर्जन्सीत किती वेळा गेलात, पोलिसांशी संबंध आला का, नशा करता का, मनाचा काही आजार आहे का. पहिल्याच भेटीत, अनोळखी माणसासमोर, बाजूला रांग उभी असताना. यंत्रणेकडून आयुष्यभर मारच खाल्लेला माणूस अशा प्रश्नांना "नाही" म्हणतो, कारण खरं सांगितलं तर मुलं काढून घेतील, पोलीस येतील ही भीती. आणि प्रत्येक "नाही" ला गुण कमी. काही अमेरिकन काउंटींच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की कृष्णवर्णीय आणि इतर वर्णाच्या लोकांना गोऱ्यांपेक्षा कमी प्राधान्यगुण मिळत होते. प्रश्न सगळ्यांना तेच होते बरं का.

पण नियम बदलता येतात. स्कॉटलंडमध्ये पूर्वी बेघरांमध्येही "प्राधान्य गरज" असलेले आणि नसलेले असे दोन गट होते, म्हणजे एकटा, धडधाकट माणूस मागेच. २०१२ च्या शेवटी तो भेद काढून टाकला. मग २०२२ मध्ये, तुमचा या भागाशी काही संबंध नाही, जिथून आलात तिथे जा, असं सांगून अर्जदाराला दुसऱ्या कौन्सिलकडे, म्हणजे दुसऱ्या भागाच्या पालिकेकडे, पाठवणंही थांबवलं. इंग्लंडमध्ये या दोन्ही अटी अजून आहेत.

आधी नशा सोडा, आधी उपचार घ्या, मग घर, ही अट सुद्धा सोडून बघितलीये लोकांनी. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी आधी घर दिलं, बाकी मदत त्या घरात. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात ५ शहरांत मानसिक आजार असलेल्या २,००० हून जास्त बेघर लोकांसोबत हे तपासलं. अभ्यासाच्या शेवटच्या ६ महिन्यांत आधी घर मिळालेल्या गटातले ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात होते, नेहमीच्या पद्धतीने मदत मिळालेल्या गटातले ३१ टक्के. फिनलंडने २००८ पासून हेच देशाचं धोरण केलं, जुने निवारे बदलून स्वतःच्या किल्लीची, भाडेकराराची घरं केली. भाडेकरार म्हणजे माणसाला सहीची जागा मिळते, सकाळी उठवून बाहेर काढत नाही कुणी.

आणि तो रकाना? फ्रान्समध्ये ज्याला पक्का पत्ता नाही त्याला पालिकेच्या सामाजिक केंद्राचा किंवा मान्यता असलेल्या संस्थेचा पत्ता आपला म्हणून लावता येतो. एक वर्षाचं प्रमाणपत्र मिळतं, पुन्हा वाढवून घेता येतं, त्यावर ओळखपत्र निघतं, सरकारी मदत सुरू होते, टपाल तिथे येतं आणि माणूस जाऊन घेऊन येतो.

(पुन्हा तोच फॉर्म, तोच हात.)

केंद्राचं नाव. रस्त्याचं नाव. पिन कोड. अक्षर थोडं तिरकं झालंय, बऱ्याच दिवसांनी लिहितोय तो. पेन खालच्या ओळीवर आलंय, जन्मतारीख. ती तर त्याला पाठच आहे.