युद्ध कोणाशी, भरपाई कोणाकडून

मित्रहो,

दहशतवादी हल्ला झाला की चोवीस तासांच्या आत मागणी सुरू होते: आता युद्ध जाहीर करा. त्यामागचा संताप खरा असतो, आणि तो असायलाच हवा. पण युद्धाची रीतसर घोषणा झाली की परराष्ट्र व्यवहारात आणि विम्याच्या व्यवहारात काय काय हलतं, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. ही दोन खाती एकमेकांपासून लांबची वाटतात. तरी दोघांपुढे येणारा प्रश्न एकच असतो: समोर कोण आहे, राज्य की टोळी?

एका विमानापासून सुरुवात करतो. ६ सप्टेंबर १९७० रोजी पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीचं बोइंग ७४७ ॲम्स्टरडॅमहून न्यूयॉर्कला निघालं आणि हवेत असतानाच पॅलेस्टाइन मुक्तीसाठी लढणाऱ्या ‘पॉप्युलर फ्रंट’ या संघटनेच्या दोघांनी त्याचा ताबा घेतला. विमान बैरूतला उतरवलं, तिथे स्फोटकं चढवली आणि ते कैरोला नेलं. प्रवासी घाईघाईने खाली उतरले आणि काही मिनिटांतच विमान उडवून दिलं गेलं. किंमत सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर.

पॅन ॲमकडे दोन प्रकारचे विमे होते. एक सर्व जोखमींचा, पण त्यातून युद्ध, बंड आणि युद्धसदृश कारवाया वगळलेल्या. दुसरा खास युद्धजोखमीचा. पहिल्या विम्याच्या कंपन्या म्हणाल्या, हे युद्ध आहे, दुसऱ्यांकडे जा. त्यासाठी त्यांनी पश्चिम आशियाचा सगळा संघर्ष कोर्टापुढे मांडला. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. युद्ध हे राज्यांमध्ये, किंवा निदान राज्यासारखी सत्ता हाती असलेल्या घटकांमध्ये होतं. ही संघटना कुठल्याही भूभागाचं सरकार नव्हती. शिवाय रणभूमीपासून शेकडो मैल दूर नागरी विमान पळवणं ही युद्धाची कारवाई ठरत नाही. सर्व जोखमींचा विमा देणाऱ्या कंपन्यांना पैसे मोजावे लागले.

हा निकाल माझ्या मते दहशतवादाच्या विम्यातला सगळ्यात मोलाचा कागद आहे. टोळीला राज्याचा मान नाकारला, म्हणून नुकसान सोसणाऱ्याला भरपाई मिळाली.

आता ११ सप्टेंबर २००१ कडे या. अमेरिकेतल्या बहुतेक मालमत्ता विम्यांमध्ये युद्ध वगळलेलं होतं, दहशतवाद वगळलेला नव्हता. २० सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी संसदेत या हल्ल्याला युद्धाचं कृत्य म्हटलं. विमा कंपन्यांच्या वकिलांनी ते वाक्य टिपून ठेवलं असणारच. पण मोठ्या कंपन्यांनी काही दिवसांतच जाहीर केलं की आम्ही युद्धाच्या कलमामागे लपणार नाही. याचं श्रेय नुसत्या देशप्रेमाला देता येणार नाही. पॅन ॲमचा निकाल समोर होता, आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, युद्ध जाहीर केलंच नव्हतं. तिने १४ सप्टेंबरला बळाच्या वापराची मुभा देणारा ठराव केला होता. प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १. तो एक विरोध बार्बरा ली यांचा. अमेरिकेने शेवटचं रीतसर युद्ध जाहीर केलं ते जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध.

घोषणा झाली असती तर? पर्ल हार्बरचं उदाहरण आहे. जपानने हल्ला केला ७ डिसेंबर १९४१ ला, काँग्रेसची घोषणा झाली ८ तारखेला. त्या एका दिवसाच्या अंतरावरून आयुर्विम्याचे खटले वर्षानुवर्षं चालले. ‘वेस्ट व्हर्जिनिया’ या युद्धनौकेचे कप्तान बेनियन त्या सकाळी मारले गेले. अपघाती मृत्यूची दुप्पट रक्कम त्यांच्या कुटुंबाला नाकारली गेली. पहिला बॉम्ब पडला तेव्हाच युद्ध सुरू झालं, असं अपील न्यायालयाने १९४६ मध्ये ठरवलं. होनोलुलूच्या अग्निशमन दलाचा एक जवान त्याच हल्ल्यात गेला. त्याच्या बाबतीत हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्ये उलट सांगितलं: घोषणेपर्यंत कायद्याने युद्ध नव्हतं, कंपनीने पैसे द्यावेत. एकच सकाळ, एकच शत्रू आणि दोन घरांना दोन न्याय!

परराष्ट्र व्यवहाराकडे वळलो तर अडचण आणखी अवघड होते. अमेरिकेने युद्ध पुकारायचं कोणाविरुद्ध? अल कायदाविरुद्ध पुकारलं तर तिला लढाऊ पक्षाचा दर्जा मिळतो आणि तिची माणसं युद्धकैद्याचे हक्क मागू शकतात. अफगाणिस्तानविरुद्ध पुकारलं तर तालिबान तिथलं सरकार आहे हे गृहीत धरावं लागतं. त्या राजवटीला मान्यता होती फक्त पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीची. मित्रदेशांच्या मदतीसाठीही घोषणेची गरज नव्हती. नाटोने १२ सप्टेंबरलाच एकावरचा हल्ला सगळ्यांवरचा मानणारं पाचवं कलम लागू केलं, त्याला ‘सशस्त्र हल्ला’ एवढं पुरतं. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने ठराव १३६८ मध्ये स्वसंरक्षणाच्या हक्काची नोंद घेतली. उलट जुन्या कायद्यानुसार युद्ध जाहीर झालं की बाकीचे देश तटस्थ ठरतात, आणि तटस्थाने दोन्ही बाजूंना सारखं वागवायचं असतं. हल्ला सोसलेला देश आणि हल्लेखोर एका पारड्यात! हे कोणाला हवं असतं?

बुश यांच्या सरकारने मात्र भाषणात युद्ध ठेवलं आणि युद्धाची बंधनं टाळली. फेब्रुवारी २००२ मध्ये ठरलं की जिनिव्हा करार अल कायदाला लागू नाहीत, आणि तालिबानी लढवय्ये युद्धकैदी नाहीत. क्यूबातल्या ग्वांतानामो तळावरचा तुरुंग तर त्याआधी, जानेवारीतच सुरू झाला होता. माझ्या मते ती गंभीर चूक होती. २००६ मध्ये त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाने जिनिव्हा करारातली किमान वागणूक तरी द्यावीच लागेल, असं बजावलं.

विम्याच्या बाजारात त्यावेळी वेगळीच धावपळ चालली होती. १७ सप्टेंबरला विमान कंपन्यांना सात दिवसांची नोटीस आली: जमिनीवरच्या लोकांच्या आणि मालमत्तेच्या नुकसानीचं युद्धजोखीम संरक्षण रद्द. मग देऊ केलं ते ५ कोटी डॉलरच्या मर्यादेत. विमा नाही तर विमान उडत नाही, कारण भाड्याने विमान देणारे आणि कर्ज देणाऱ्या बँका ते उडू देत नाहीत. अनेक सरकारांना आठवड्याभरात स्वतः हमी उभी करावी लागली. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेने दहशतवाद विम्याला सरकारी आधार देणारा कायदा केला. त्यातली एक अट बारकाईने वाचण्यासारखी आहे: काँग्रेसने जाहीर केलेल्या युद्धाचा भाग म्हणून झालेलं कृत्य दहशतवादी म्हणून प्रमाणित करता येणार नाही, अपवाद फक्त कामगारांच्या भरपाईचा. म्हणजे जो देश रीतसर युद्ध जाहीर करील, तो आपल्याच दुकानदाराचं संरक्षण काढून घेऊ शकतो.

आता आपल्याकडे. पुनर्विमा देणाऱ्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्यांनी, हात आखडता घेतल्यावर एप्रिल २००२ मध्ये भारतीय कंपन्यांनी दहशतवाद जोखमीचा सामाईक निधी उभा केला, व्यवस्थापन जीआयसी या सरकारी पुनर्विमा कंपनीकडे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताज आणि ट्रायडंटचं जे नुकसान झालं, त्याचा भार या निधीने उचलला. कसाबवर ‘भारत सरकारविरुद्ध युद्ध’ या कलम १२१ खाली आरोप होता, तो सिद्ध झाला, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. म्हणून ते विम्याच्या अर्थाने युद्ध झालं का? नाही. संसद हल्ल्याच्या खटल्यात न्यायालयाने आधीच स्पष्ट केलं होतं की कलम १२१ मधलं युद्ध म्हणजे दोन देशांमधलं युद्ध नव्हे. भारताने तेव्हा युद्ध जाहीर केलं नाही, पुरावे जगापुढे ठेवले. डिसेंबर २००८ मध्ये जमात-उद-दावा संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीत आली, फेब्रुवारी २००९ मध्ये कटाचा काही भाग स्वतःच्या भूमीवर शिजल्याचं पाकिस्तानला मान्य करावं लागलं. हे पुरेसं नव्हतं, हे दुःख मुंबईकराला सांगायची गरज नाही. पण घोषणा केली असती तर तेवढंही हाती लागलं नसतं, असं मला वाटतं.

पहलगामनंतर परिस्थिती बदलली आहे. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरनंतर, यापुढचा दहशतवादी हल्ला युद्धाचं कृत्य मानला जाईल असं सरकारी सूत्रांनी सांगितलं. राजनैतिक इशारा म्हणून त्याचं वजन मी कमी लेखत नाही. पण आपल्या आगीच्या पॉलिसीतलं वगळणीचं कलम काढून वाचा: युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूचं कृत्य, युद्धसदृश कारवाया, ‘युद्ध जाहीर झालेलं असो वा नसो’. त्याच मे महिन्यात पूंछ शहरावर तोफगोळे पडले, घरं आणि दुकानं उद्ध्वस्त झाली. मुंबईतल्या हॉटेलला बंदुकीने झालेलं नुकसान दहशतवादाच्या संरक्षणाखाली भरून निघतं. पूंछच्या कापड दुकानदाराने नियमाने हप्ते भरले असले तरी तोफेच्या गोळ्यापुढे त्याची पॉलिसी रिकामी ठरते. शत्रू दोघांचा एकच.

यावर उपाय नवा शोधावा लागत नाही. १९६२ च्या चीन युद्धात आणि पुन्हा १९७१ मध्ये आपल्या संसदेने आणीबाणीतल्या जोखमींचे विमा कायदे केले. माल आणि कारखान्यांचा युद्धजोखीम विमा केंद्र सरकारने स्वतःच्या नावावर घेतला, हप्ता ठरवला, दावे भागवले. हल्ल्याला युद्ध म्हणायचा अधिकार सरकारचा आहे, तर त्या निर्णयाने ज्यांची पॉलिसी निकामी होते त्यांची जोखीमही सरकारने घ्यावी. सीमेवरच्या जिल्ह्यांसाठी असा कायदा शांततेच्या काळात व्हायला हवा. आणीबाणीत केला तर तो पुढच्या गोळ्यासाठी होतो, आधी पडलेल्यासाठी नाही.