चारशे दहावी ओळ

(पडद्यावर टर्मिनल. कर्सर लुकलुकतोय.)

प्रोग्राम सी भाषेतला, अगदी लहान. फाइल उघडायची, पाचशे ओळी लिहायच्या, प्रत्येक ओळ नेमकी 10 बाइटची, आणि मग नुसतं बसून राहायचं. पाचशेही वेळा एफप्रिंटएफने, म्हणजे ओळ लिहिणाऱ्या फंक्शनने, 'झालं' असंच सांगितलं. आता आपण बाहेरून त्याला किल मायनस नाइन देतोय, म्हणजे आवराआवरीची संधी न देता जागीच मारतोय.

(फाइल उघडते.)

4096 बाइट. चारशे दहावी ओळ सहाव्या अक्षरावर तुटलीय. पुढच्या नव्वद ओळींचा पत्ताच नाही.

फाइलीत प्रत्यक्ष लिहिण्याचं काम कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं. दर दहा बाइटसाठी त्याचं दार वाजवणं महागात पडतं. म्हणून सीची लायब्ररी मजकूर आपल्याच मेमरीत साठवते. हा बफर. इथे तो 4096 बाइटचा. भरला की एकदम पुढे जातो. उरलेले 904 बाइट प्रोग्रामच्या मेमरीत होते, त्याच्याबरोबरच गेले.

हेच आउटपुट टर्मिनलवर सोडलं असतं तर ओळ संपली की लगेच दिसली असती. फाइलकडे वळवलं की बफर भरेपर्यंत सगळं गप्प. 'माझ्या मशीनवर तर दिसत होतं' या वाक्यामागे कितीदा तरी एवढंच असतं.

फाइल बंद करणारं एफक्लोज दोन कामं करतं: उरलेला बफर रिकामा करतं आणि हँडल, म्हणजे उघड्या फाइलचा क्रमांक, परत देतं. डिस्क भरलीय हे कधी कधी इथेच कळतं. पण एफक्लोज काय सांगतंय ते ऐकणारा कोड क्वचितच दिसतो!

हँडल परत न देण्याचं दुखणं उशिरा कळतं. लिनक्सवर एका प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, सहसा 1024 हँडल मिळतात. त्यातली 0, 1 आणि 2 इनपुट, आउटपुट आणि एररसाठी आधीच गुंतलेली. दर विनंतीला एक फाइल उघडी राहिली, तर सर्व्हर काही काळ मजेत चालतो आणि मग 'टू मेनी ओपन फाइल्स' म्हणून कोसळतो, तेही भलत्याच निरपराध ओळीवर. पायथनमध्ये विथ वापरलं, की ब्लॉक संपताच फाइल बंद होते. मध्येच एरर आली तरीही.

(पुन्हा तोच प्रोग्राम. लूपखाली एक नवी ओळ: एफफ्लश, बफर लगेच पुढे ढकलणारी.)

चालवूया. पाचशे ओळी. किल मायनस नाइन.

(फाइलचा आकार: 5000 बाइट.)

हे बाइट आता कर्नलच्या ताब्यात आहेत. डिस्कवर पोचलेच असतील असं नाही, ते कर्नलकडून डिस्कवर उतरवून घ्यायला एफसिंक. आत्ताच वीज गेली, तर हा आकडाही भरवशाचा नाही.