ओपन किचन घेताय? आधी धुराचं बोला!

नमस्कार मंडळी! "किचन मॉडर्न स्टाईलचं घेऊ का क्लासिक?" ही कमेंट काही थांबेना, म्हणून आज बोलूयाच. ओट्याची उंची ३४ इंच, खोली २४, मांडणी एल किंवा समोरासमोर. हे तुमच्या मिस्त्रीलाही पाठ आहे, पुढं जाऊ.

तुम्ही जे फोटो पाठवताय ना, त्या किचनमध्ये संकेश्वरी मिरची आणि सुकं खोबरं कुणी भाजत नाही. आपल्याकडं चटणीचा मसाला भाजायला घेतला की हॉलमधला पाहुणा खोकतो. म्हणून रंग नंतर, आधी चिमणीचा डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, कुठून जाणार ते ठरवा.

ओपन किचन पाहिजे? मग गॅस बाहेरच्या भिंतीला. गॅस मधल्या आयलंडवर, म्हणजे मधोमध सुट्या ओट्यावर, घेतला तर पाइप छतातून फिरवावा लागतो, प्रत्येक काटकोनी वळणाला ओढ कमी होते. दोनपेक्षा जास्त वळणं असतील तर ओपनचा नाद सोडा, किचनला काचेचं सरकतं दार लावा.

वरची कपाटं छतापर्यंत सलग पाहिजेत? मग डक्ट त्यातल्याच एका खणातून जाणार. तो खण आधी सोडला नाही तर फर्निचर झाल्यावर सुतार करवत घेऊन येतो. भिंतीचं भोक टाइल्स लावायच्या आधी पाडा, पाइपला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, नाहीतर पावसाचं पाणी आत.

आणि आता खरी चिडचिड. चिमणीचं तोंड ६ इंची, पण भोक लहान पडलं म्हणून मिस्त्री ४ इंची पाइप जोडतो. "दोनच इंचाचा फरक आहे की!" अहो, गोल पाइपचं क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी होतं! मग १२०० सक्शनची (तासाला १२०० घनमीटर हवा ओढणारी) चिमणी नुसती आवाज करते, आणि शिव्या कंपनीला.

"डक्टलेस घेतली, आता चालेल ना?" असंही विचारलंय. नाही चालणार. ती हवा कार्बन फिल्टरमधून फिरवून घरातच सोडते. वास थोडा कमी होतो, पण वाफ, उष्णता घरातच, आणि फिल्टर सारखा बदला.

हे जमलं की स्टाईल सोपी. क्लासिक शटरच्या, म्हणजे कपाटाच्या नक्षीदार दाराच्या, खाचांत तेलाचा चिकटा बसतो, म्हणून खाचांची शटरं गॅसपासून लांब, डब्यांच्या कपाटाला लावा. गॅसजवळ सपाट मॅट लॅमिनेट. हँडलऐवजी बोटं घालायची खाच असलेलं गोला प्रोफाइल दिसतं छान, पण पिठाचे हात त्याच खाचेत जातात, रोज पुसायची तयारी ठेवा. सिंकखाली एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) नकोच, पाण्यानं फुगतो. तिथं आयएस ७१० शिक्क्याचाच, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय.

ओट्यावरच्या पांढऱ्या क्वार्ट्झवर (दगडाचा चुरा रेझिननं जोडून केलेली फरशी) तापलेली कढई ठेवली तर आतलं रेझिन करपून डाग पडतो, तो घासून जात नाही. काळा ग्रॅनाइट जुनाट वाटतो म्हणणाऱ्यांनी त्याचं लेदर फिनिश, म्हणजे चकाकी नसलेला खडबडीत पृष्ठभाग, बघून यावं.

पंचगंगेचं पाणी २०१९ किंवा २०२१ ला ज्यांच्या घरात शिरलं, त्यांनी खालच्या भागात लाकूडकाम करूच नये. कडप्प्याचे खण, ॲल्युमिनियमची शटरं, आणि ट्रॉल्या ३०४ ग्रेडच्या, सहसा न गंजणाऱ्या स्टीलच्या, चॅनलवरून उचलून माळ्यावर नेता येतील अशा.