बाल्बियानेल्लोला जाताय? आधी तिकीट नीट बघा!

नमस्कार मंडळी! रणवीर-दीपिकाचं २०१८ मधलं लग्न इटलीत कोमो सरोवराकाठी झालं, तो व्हिला देल बाल्बियानेल्लो कसा बघायचा, हे तुम्ही कमेंटमध्ये सारखं विचारताय.

पोचणं सोपं आहे. मिलानहून ट्रेनने वारेन्ना, तिथून फेरीने लेन्नो. लेन्नोहून साधारण किलोमीटरभर चालायचं. वाट झाडीतून जाते, चढ-उतार आहेत, आणि मधूनच फांद्यांआडून खाली निळं पाणी दिसतं. सह्याद्री चढणाऱ्यांना काहीच वाटणार नाही, पण हिल्स घालून जाऊ नका.

आता मुद्द्याचं. तिकिटं दोन प्रकारची असतात. एक फक्त बागेचं, दुसरं बाग आणि आतल्या घराचं. दुसरंच घ्या, आणि आधीच ऑनलाइन बुक करा! एका ताईंनी लिहिलंय, "बाग बघितली, फोटो काढले, बास की." ताई, बाग सुंदरच आहे. एका झाडाला तर माळी कापून कापून भल्यामोठ्या छत्रीचा आकार देतात. पण घराची खरी गोष्ट आत आहे.

१८व्या शतकाच्या अखेरीस कार्डिनल दुरिनी यांनी जुन्या मठाच्या जागी हा व्हिला उभारला. शेवटचे मालक गुइदो मोंझिनो. १९७१ मध्ये उत्तर ध्रुवावर गेलेला, १९७३ मध्ये एव्हरेस्टवरची पहिली इटालियन मोहीम नेणारा माणूस! त्यांच्या मोहिमांच्या वस्तू वरच्या मजल्यावर मांडल्यात, ध्रुवावरची स्लेजसुद्धा. ती लाकडी स्लेज समोर बघताना मला खरंच भरून आलं. बागेच्या तिकिटावर ती दिसत नाही. परत सांगते, दिसत नाही! तिथे एक मराठी कुटुंब भेटलं. आतल्या फेरीच्या जागा भरल्या होत्या, मुलगा रडवेला झाला होता. एवढ्या लांब येऊन असं व्हायला नको, म्हणून तिसऱ्यांदा सांगतेय: बुकिंग करताना तिकिटात आतलं घर आहे ना, ते वाचा.

मोंझिनो १९८८ मध्ये गेले. व्हिला त्यांनी 'फाई' या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिला. त्यांची समाधी बागेतच, जुन्या बर्फघरात आहे. तिथे गेलात तर मोठ्याने बोलू नका, प्लीज.

"आईचे गुडघे दुखतात, काय करू?" असं एका दादांनी विचारलंय. लेन्नोहून बोटीने थेट व्हिलाच्या धक्क्यावर उतरता येतं. मात्र बागेत पायऱ्या आहेत, तेवढा वेळ हाताशी ठेवा. सोमवारी आणि बुधवारी सहसा बंद असतं, तेव्हा तारीख साइटवर बघूनच ठरवा.