चित्रपुस्तक घेताय? आधी शेवटचं पान बघा

नमस्कार! घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीची लिफ्ट. शेजारच्या काकू माझ्या भाचीला विचारतात, "नाव काय गं तुझं?" ती माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहते, बोट पांढरं पडेपर्यंत. "मूग गिळलेस की काय?" घरात शिरून दार लावलं, की हीच मुलगी बूट काढता काढता सांगते, "मावशी, काकूंची टिकली हनुवटीला चिकटली होती!"

याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. घरी पोपटपंची, बाहेर एक शब्द नाही, आणि असं महिन्याहून जास्त चाललेलं. शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत, तेव्हा सगळीच पोरं बावरलेली असतात. पूर्वी याचं नाव 'इलेक्टिव्ह' होतं, म्हणजे जणू मूल ठरवूनच गप्प बसतंय. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९४ मध्ये नाव बदललं आणि २०१३ मध्ये त्याला चिंतेच्या विकारांत घातलं. हट्ट नाही हो, भीती.

आता पुस्तकं. गप्प मूल शेवटी गॅदरिंगला माइक हातात घेतं आणि टाळ्यांचा कडकडाट, असं पुस्तक मी परत ठेवते. त्यातून पोराला कळतं एवढंच, की बोललास तरच लाडका. 'आय टॉक लाइक अ रिव्हर' बघा, २०२० चं. त्यातला मुलगा अडखळत बोलतो, म्हणजे प्रश्न वेगळा. पण बाबा त्याला नदीवर नेतात, पाणी कसं उसळतं, भोवरे घेतं ते दाखवतात. शेवटीही तो अडखळतोच, आणि तसाच वर्गात नदीबद्दल बोलतो. मला हा शेवट पटतो.

वाचताना मात्र "हे काय? सांग ना!" नको. आपणच बोलायचं, "अगंबाई, मांजर टोपलीत शिरलं!" विचारलंच, तर "मांजर की ससा?" असं, आणि मनात पाच आकडे मोजायचे. मधे बोलायचं नाही. हे पाच आकडे भयंकर लांब असतात, सांगून ठेवते.

याच पुस्तकाचा शाळेतही उपयोग होतो. वर्ग रिकामा असताना आई आणि मूल आत बसून वाचतात. आवाज मोकळा झाला, की बाई आधी नुसत्या दाराबाहेर उभ्या राहतात, मग दारात, मग मागच्या बाकावर. घाई केली की आवाज बंद, पुन्हा मागची पायरी. हे समुपदेशकाला विचारूनच करा, आम्हीही तसंच करतोय.

सध्या आमच्या बाई दाराबाहेरच आहेत. पान सातवं.