पहिला दिवा वीज खातो का?

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे विज्ञानाच्या वर्गातल्या पडद्याबद्दल, आणि बोलायचं आहे रेडिओवरून. म्हणजे दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. एका अर्थी ते बरंच आहे. आधी एक काम करू. टॉर्चचे दोन सेल आणि अगदी सारखे दोन छोटे बल्ब डोळ्यांपुढे आणा. सेलपासून निघालेली तार पहिल्या बल्बात, तिथून दुसऱ्यात, आणि तिथून परत सेलकडे. पाठ्यपुस्तकात हिला एकसर जोडणी म्हणतात. आता सांगा, कोणता बल्ब जास्त उजळेल? पहिला, दुसरा, की दोन्ही सारखेच? उत्तर मनात पक्कं करा. हाताशी कागद असेल तर लिहूनच ठेवा. गाडी चालवत असाल तर राहू द्या, नुसतं मनात धरा.

मी शिकवायचो ते गाव कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटाला. हा प्रश्न मी आठवीच्या वर्गात विचारायचो आणि जवळजवळ सगळा वर्ग म्हणायचा, "पहिला, सर. वीज आधी त्याला मिळते ना! तो खाऊन उरेल ती दुसऱ्याला." मुलांचं काय चुकलं? वरच्या शेतांनी पाणी घेतलं की टेलच्या शेताला किती उरतं, हे त्यांनी घरी रोज ऐकलेलं. तारेतून काहीतरी वाहतं असं मी सांगितलं होतं, आणि वाहण्याचा त्यांचा अनुभव पाटाचा होता.

शाळेत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला तेव्हा मला वाटलं, आता हा गैरसमज एका तासात जाईल. खिडक्यांना चादरी लावल्या, अंधार केला आणि परिपथाचं, म्हणजे वीज फिरते त्या जोडणीचं, सिम्युलेशन सुरू केलं. सिम्युलेशन म्हणजे कॉम्प्युटरवरची प्रयोगाची नक्कल. तारेतून निळे ठिपके, म्हणजे इलेक्ट्रॉन, सरकताना दिसले. बल्ब उजळले, टाळ्या पडल्या. माउस अर्थातच माझ्या हातात. पंधरा दिवसांनी चाचणी घेतली. उत्तर तेच. पहिला.

मी वर्गात सिनेमा दाखवला होता. मुलांना मी काही विचारलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी तेच साधन, तोच धडा, फक्त क्रम उलटा केला. वीज वापरायच्या आधी वही. प्रत्येकाने आपला अंदाज लिहायचा आणि त्याखाली कारण लिहायचं. मग एका मुलीला पुढे बोलावलं. जोडणी तिने करायची, मी मागे भिंतीला टेकून उभा. तिने बल्ब जोडले आणि दोन्ही सारखेच उजळले. वर्गात कुजबुज. एकजण म्हणाला, "सर, कॉम्प्युटर चुकला." हे ऐकलं आणि मला मनापासून आनंद झाला. ज्याने अंदाजच केला नाही त्याला कॉम्प्युटर चुकल्यासारखा वाटणारच नाही. मग अमीटर, म्हणजे विजेची धारा मोजणारं यंत्र, आधी पहिल्या बल्बाच्या अलीकडे लावला, मग दोन बल्बांच्या मध्ये, मग दुसऱ्याच्या पलीकडे. तिन्ही ठिकाणी आकडा एकच.

तर श्रोतेहो, उत्तर हे. दोन्ही सारखेच. पाटाऐवजी सायकलची साखळी मनात आणा. पायडल मारलं की साखळीची सगळी कडी एकदम सरकते, मागच्या चाकापाशी एकही कडी खर्च होत नाही. पोहोचते ती ऊर्जा. बल्बात ऊर्जा प्रकाश आणि उष्णता होऊन बाहेर पडते, धारा मात्र जेवढी आत गेली तेवढीच बाहेर येते.

मी वापरलेलं साधन फेट नावाच्या संचातलं. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात 2002 साली कार्ल वीमन यांनी हे काम सुरू केलं. 2001 साली भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालेल्यांपैकी ते एक. ही सिम्युलेशन्स मोफत आहेत, त्यांतली बरीच मराठीतही आहेत. शिवाय फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर घेतली की नेट नसलं तरी चालते. आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ यायची, म्हणून ही गोष्ट मला फार मोलाची. परिपथाच्या संचात नाणं, कागदाची पिन, खोडरबर, पेन्सिल असं काय काय ठेवलंय. त्यात एक कुत्राही आहे! त्यातून वीज वाहते का ते बघण्यापासून मुलांना थांबवू नका. कोणी सेलची दोन टोकं थेट तारेने जोडली की पडद्यावर जाळ होतो. खऱ्या प्रयोगशाळेत मी असं कुणाला करू दिलं नसतं.

त्याच विद्यापीठातला 2005 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने परिपथ खऱ्या साहित्यावर शिकले, दुसऱ्याने सिम्युलेशनवर. पुढे खरा परिपथ जोडून तो समजावून सांगायची वेळ आली, तेव्हाही सिम्युलेशनवाले सरस ठरले. मला याचं फार नवल वाटलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत अर्धा तास सैल होल्डर घट्ट करण्यातच जायचा. बल्ब लागला नाही तर चूक विचारात आहे की गंजलेल्या स्क्रूमध्ये, हे पोराला कळणार कसं? पण ते विद्यार्थी महाविद्यालयातले होते हेही विसरू नका. या अभ्यासाच्या जोरावर कोणी शाळेतलं साहित्याचं कपाट बंद करणार असेल तर माझा विरोध आहे. तार सोलताना बोटाला जे कळतं ते माउसला कळत नाही.

आणि पडदा थोडं खोटंही बोलतो. ते निळे ठिपके कसे छान लगबगीने सरकतात. खऱ्या तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन एका सेकंदात मिलिमीटरभरही पुढे जात नाहीत. चंद्राचं तर विचारूच नका. पृथ्वी आणि चंद्र एकाच चित्रात बसवायचे म्हणून अंतर इतकं आकसतात की पृथ्वीची सावली पडून कला होतात, असं मुलांना वाटू लागतं. मी बास्केटबॉल आणि टेनिसचा चेंडू घेऊन मुलांना व्हरांड्यात न्यायचो. बास्केटबॉल पृथ्वी, टेनिसचा चेंडू चंद्र. दोघांत अंतर किती ठेवायचं? मुलं हातभर म्हणायची. खरं माप सव्वासात मीटरच्या आसपास, पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट. ते कुठल्या पडद्यावर मावणार?

मला सगळ्यात आवडतो तो खिशातला पडदा. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रज्ञान विद्यापीठाने फायफॉक्स नावाचं मोफत अॅप केलंय. फोनमधले सेन्सर त्यामुळे मोजमापाची उपकरणं होतात. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे, एका टाळीने सुरू होतं आणि दुसरीने थांबतं. दोन फोन पाच मीटर अंतरावर ठेवायचे, प्रत्येकापाशी एक मूल. पहिल्याने टाळी वाजवली की दोन्ही घड्याळं सुरू. मग दुसऱ्याने टाळी वाजवायची, दोन्ही बंद. पण आवाजाला पाच मीटर जायला वेळ लागतो, म्हणून दोन घड्याळांत थोडा फरक पडतो. तेवढ्या वेळात आवाज जाऊन-येऊन दहा मीटर चालला. दहाला त्या फरकाने भागा. फरक सेकंदाच्या साधारण तीन शतांशांइतका येतो आणि उत्तर, म्हणजे आवाजाचा वेग, सेकंदाला 340 मीटरच्या आगेमागे. पुस्तकातला आकडा शाळेच्या पटांगणात, गुरुजींच्या फोनवर!

वेळ संपत आली. जाता जाता एक जोडणी देतो. सेलपासून तार एका बल्बात, आणि त्याच्या पुढे दोन बल्ब समांतर, शेजारी शेजारी. तिन्ही अगदी सारखे, तिन्ही लागलेले. आता शेजारच्या दोघांपैकी एक होल्डरमधून काढला. उरलेल्या दोघांचं काय होईल? उजेड वाढेल, कमी होईल, की तसाच राहील? दोघांचं वेगवेगळं लिहा. आणि लिहून झाल्याशिवाय सेलला हात लावायचा नाही.

नमस्कार.